आठवड्याचा विषय
(एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचें नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो,

लहान मूल शाळेंतून घरीं आलें म्हणजे आपण त्याला एकच प्रश्न विचारतों, "आज काय शिकवलं?" आणि मूलही बहुधा एकच उत्तर देतें, "कांहीं नाहीं!" हा संवाद रोज संध्याकाळीं घरोघर होतो आणि आईबाप शाळेवर किंवा मुलावर चिडतात. माझ्या मतें मुलाचें उत्तर खोटें नसतें. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या लेखीं पहिल्या तासाला भाषा, दुसऱ्या तासाला गणित, तिसऱ्या तासाला परिसर असे वेगवेगळे विषय नसतातच. त्याच्यापुढें असतो तो एक सबंध दिवस. त्या दिवसाचे तुकडे करून आपण ते त्याच्या हातीं दिले, म्हणजे त्यांचें काय करावें हें त्याला उमगत नाहीं. पहिली-दुसरीच्या वर्गांत आठवडाभर एकच विषय धरावा आणि बोलणें, मोजणें, लिहिणें, चित्र काढणें, गाणें हें सारें त्याच्याभोंवतीं गुंफावें, अशी एक पद्धत आहे. तिच्याविषयीं आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

आरंभींच सांगून टाकतों कीं, मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालों, अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें काढलीं आणि बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांत प्राथमिक शाळेचा मास्तर झालों. ३७ वर्षांच्या नोकरींत निम्म्याहून अधिक काळ पहिली आणि दुसरी हे वर्ग माझ्याकडे होते; तेही पुष्कळदां एकाच खोलींत, एकाच फळ्यापुढें. तेव्हां मी जें सांगणार तें त्या खोलींतलें आहे, आणि त्यांत माझ्या चुकाही आल्याच.

ही कल्पना कालपरवांची नाहीं. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं एक संस्था काढली आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. खेळ हेंच लहान मुलाचें खरें काम, हा विचार त्यानें रुजविला. पुढें बेल्जममध्यें ओव्हिद देक्रोली या डॉक्टरानें १९०७ सालीं ब्रुसेल्स शहरांत एक शाळा काढली. मुलाच्या शिक्षणाचे विषय पुस्तकाच्या अनुक्रमणिकेंतून न घेतां मुलाच्या गरजांतून घ्यावे, असें त्याचें म्हणणें. अन्न, ऊन-वारा-थंडीपासून निवारा, संकटांपासून रक्षण आणि काम या त्यानें मानलेल्या चार गरजा. या गरजांभोंवतीं त्यानें 'आवडीचीं केंद्रें' रचलीं आणि प्रत्येक केंद्राच्या तीन पायऱ्या सांगितल्या. प्रथम वस्तु प्रत्यक्ष पाहावी. मग तिचा इतर गोष्टींशीं संबंध जोडावा. शेवटीं बोलून, लिहून, चित्र काढून किंवा हातानें घडवून ती व्यक्त करावी. आज आठवड्याचा विषय म्हणून जें जें चालतें, त्याचा सांगाडा या तीन पायऱ्यांत आहे.

आपल्या देशांतही ही वाट निराळ्या दिशेनें आली. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण-परिषदेंतून 'नई तालीम' पुढें आली. तिच्यांत हस्तव्यवसाय मध्यभागीं ठेवून बाकीचे विषय त्याला जोडावयाचे होते. या जोडण्यालाच 'समवाय' हें नांव मिळालें. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आपलें बालशिक्षणाचें काम मांडलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी पाड्यांवरील मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा भरविली. खडे, पानें, शंख-शिंपले, बिया हेंच तेथलें शिक्षणसाहित्य. मूल जेथें आहे तेथें शाळेनें जावें, हा त्यांतला धडा. तो मीं पुस्तकांत तरुणपणींच वाचला होता; पण तो मला कळावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तें कसें, हें पुढें सांगतों.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें वयाच्या ३ ते ८ या पांच वर्षांना शिक्षणाचा पायाभूत स्तर मानलें आणि तेथें खेळ व कृति यांवर भर दिला. म्हणजे दोन शतकांपूर्वीं जो विचार एका बागेंत सुरू झाला, तो आतां सरकारी कागदावर आला आहे. कागदावरून वर्गांत येणें मात्र मास्तराच्या हातीं असतें.

आतां वर्गांत चला. आमच्याकडे जूनमध्यें शाळा उघडते आणि पेरणीही त्याच सुमारास येते. म्हणून पावसानें तोंड दाखविलें कीं माझा विषय ठरलेला असे : 'बी'.

सोमवारीं प्रत्येक मुलानें घरून मूठभर बी आणावयाचें. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, मटकी, करडई, चिंचोके, वाटेंत वेंचलेल्या लिंबोळ्या, कोणाच्या आजीनें राखेंत घोळून ठेवलेल्या दोडक्याच्या बिया, असा ढीग जमे. पहिला तास नुसत्या बोलण्याचा. "हिच्या आंत काय असेल?" असें मीं विचारलें कीं कोणी "झाड" म्हणे, आणि लगेच दुसरा म्हणे, "मग दिसत का नाहीं?" कोणी तूर दातांनीं फोडून पाहत. त्याच दिवशीं तीन वाट्या मांडीत असूं. पहिलींत कोरडी मटकी, दुसरींत ओल्या फडक्यांत गुंडाळलेली, तिसरींत पाण्यांत बुडविलेली. काय होईल तें ज्यानें त्यानें आधीं सांगावयाचें आणि मीं तें फळ्याच्या कोपऱ्यांत लिहून ठेवावयाचें. तो कोपरा शनिवारपर्यंत कोणी पुसावयाचा नाहीं.

मंगळवारीं बाहेर. शाळेलगतच्या शेतांत तिफण चालू असे. बाई चाड्यांत मूठ धरून बी सोडते, तें तीन नळ्यांतून तीन फणांच्या मागें तीन ओळींत पडतें, हें मुलें बांधावर बसून पाहत. एका फेरींत तीन ओळी, दोन फेऱ्यांत सहा, तीन फेऱ्यांत नऊ. दुसरीच्या मुलांना तिनाचा पाढा मीं कधीं वेगळा शिकविला नाहीं; तो त्यांनीं बांधावरून आणला. बुधवारीं मोजणें. एका मुठींत चिंचोके किती मावतात, तुरी किती मावतात, आणि मुठ तीच असतांना आंकडा कां बदलतो? माझ्या मोठ्या मुठींत अधिक मावतात, मग बाजारांत मूठ हें माप कां चालत नाहीं? दहादहांचे ढीग लावले म्हणजे मोजणें सोपें होतें, हें मुलांना आपलें आपण सांपडे. गुरुवारीं हातकाम : ओल्या मातीच्या पाटीवर बिया टोंचून 'ब' काढावयाचा, मग 'बी', मग 'बाजरी'. बोट चालतें तिकडे डोळा चालतो. शुक्रवारीं गोष्ट आणि नाटक. कोणी बी व्हावयाचें, कोणी पाऊस, कोणी चिमणी. आणि दुसरीच्या मुलांनीं आठवड्यांत काय पाहिलें त्याचीं तीन वाक्यें लिहावयाचीं. तीनच, पण स्वतःचीं.

शनिवारीं सकाळची शाळा. त्या दिवशीं वाट्या उघडावयाच्या. कोरडी मटकी जशीच्या तशी. ओल्या फडक्यांतली मोड येऊन फडक्याला चिकटलेली. बुडविलेली मात्र मऊ पडून कुजट वास येऊं लागलेली. फळ्याच्या कोपऱ्यांतील भाकितें वाचावयाचीं आणि कोणाचें खरें ठरलें तें पाहावयाचें. एका वर्षीं पहिलींतला एक मुलगा वाटीवर नाक धरून म्हणाला, "गुरुजी, पाणी लागतंय म्हणता, मग पाण्यातलीच का मेली?" श्रोतेहो, वर्गांतील त्या क्षणासाठींच आठवडाभराची खटपट असते. मीं उत्तर दिलें नाहीं. पुढील सोमवारचा विषय त्या मुलानेंच ठरविला होता : 'हवा'.

ही झाली पद्धतीची उजवी बाजू. आतां तिचीं सोंगें सांगतों, कारण आपणांपैकीं अनेकांच्या घरांतलीं मुलें शहरांतील शाळांत जातात आणि तेथें आठवड्याच्या विषयाला निराळेंच रूप आलेलें दिसतें. माझ्या नातीच्या शाळेंत 'पिवळा दिवस' होता. आदल्या रात्रीं नऊ वाजतां आईला आठवण झाली. पिवळा फ्रॉक सांपडला. पिवळी रिबीन सांपडेना. डब्यांत पिवळें काय द्यावें याचा खल झाला. दुसऱ्या दिवशीं तीस पिवळीं मुलें ओळींत उभीं राहिलीं, त्यांचें छायाचित्र निघालें, तें घरोघर पोंचलें आणि दिवस संपला. मीं नातीला विचारलें, "सगळ्यांचा पिवळा रंग सारखाच होता कां ग?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाहीं आजोबा, एकाचा लिंबासारखा होता, एकाचा वरणासारखा." पाहा, धडा तेथेंच होता! लिंबाचा पिवळा आणि वरणाचा पिवळा शेजारीं ठेवावयाचा, हळदींत चुना घातला कीं ती तांबडी होते हें दाखवावयाचें. खर्च शून्य, पण मग छायाचित्र तितकें झकपक आलें नसतें.

दुसरें सोंग माझ्यासारख्या मास्तरांचें. विषय 'गाय' असला कीं गणितांत "दोन गाई आणि तीन गाई मिळून किती?" असें विचारावयाचें आणि समवाय साधला म्हणून डायरींत लिहावयाचें. गाईच्या ठिकाणीं घोडा घातला तरी त्या गणिताचें कांहीं बिघडत नाहीं. मग गाईचा संबंध काय? तिफणीचा आणि तिनाचा संबंध खरा आहे, कारण तिफणीला तीनच फण असतात. जेथें विषयांतून गणित निघत नाहीं, तेथें ओढूनताणून काढूं नये. त्या दिवशीं सरळ गणित करावें.

आतां मीं मघाशीं म्हटलेल्या चुकीकडे येतों.

आमच्या भागांतील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवराबायकोनें मिळून कारखान्याच्या पट्ट्यांत राबावयाचें. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणति हत्यारावरून करणारी भाषा आपल्याच महाराष्ट्रांत आहे, हें शहरांतील श्रोत्यांना कदाचित् ठाऊक नसेल. बैलगाडींत भांडीं, अंथरुणें, कोंबड्या आणि मुलें घालून गाडी निघते. तिकडे उसाच्या पाचटाची खोपटी घालतात, तिला कोपी म्हणतात. परत येणें गुढीपाडव्याच्या आगेंमागें. म्हणजे शाळेच्या वर्षाचे मधले पांच महिने त्या मुलाच्या आयुष्यांतून निघून जातात. हजेरीपत्रकांत मीं त्यांच्यापुढें ओळीनें गैरहजेरीच्या खुणा करीत असें.

एका वर्षीं मार्चअखेरीस माझा आठवड्याचा विषय होता 'घर'. सोमवारीं गप्पा झाल्या. मंगळवारीं गांवांतील दगडमातीचीं, पत्र्याचीं, विटांचीं घरें पाहून आलों. गुरुवारीं प्रत्येकानें आपलें घर काढावयाचें होतें. त्याच दिवशीं सकाळीं दुसरींतला एक मुलगा ऊसतोडीहून परत येऊन वर्गांत बसला होता. सर्वांनीं चौकोन काढला, त्यावर त्रिकोण काढला, दार काढलें. यानें गाडी काढली. दोन चाकें, वर कसलेंसें टोपलें, मागें एक कुत्रें. मी फिरत फिरत त्याच्यापाशीं आलों आणि म्हणालों, "अरे, मीं घर सांगितलं होतं, गाडी नाहीं." सर्व मुलें हंसलीं. त्यानें पाटी उलटी केली आणि शाळा सुटेपर्यंत ती सरळ केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं.

शनिवारीं शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरीं गेलों. आजी अंगणांत बसली होती. तिला हकीकत कळलेली होती. ती रागावली नाहीं, नुसतें म्हणाली, "काय चुकलं वो गुरुजी लेकराचं? सा म्हैने गाडीच घर, अन् गाडीच अंगण."

श्रोतेहो, त्या वेळीं मला नोकरींत लागून १७ वर्षें झालीं होतीं. देक्रोलीच्या चार गरजांत 'निवारा' ही एक आहे, हें मला पाठ होतें. कोसबाडचें नांव मी शिक्षक-सभांतून घेत असें. आणि ज्याला निवाऱ्याचा अर्थ माझ्या वर्गांत सर्वांत अधिक कळत होता, त्याला मीं चूक ठरविलें होतें. मीं निवडलेल्या विषयांत माझें घर मावत होतें, सरपंचाचें घर मावत होतें. त्याचें मावत नव्हतें. पद्धत चांगली होती. विषयाची व्याख्या मीं स्वतःच्या उंबऱ्यावरून केली होती.

पुढील सोमवारीं मीं ठरविलेला विषय रद्द केला आणि 'ऊस' हा विषय घेतला. आजीनें नातवाला पाठविलें. आणखी चार मुलें त्या आठवड्यांत परत आलीं होतीं. पहिल्याच तासाला मीं सांगितलें कीं, या विषयांतलें मला फारसें कळत नाहीं. ज्यांना कळतें त्यांनीं सांगावें. पहिल्या दिवशीं कोणी बोललें नाहीं. मंगळवारीं त्याच मुलानें ऊस बुडापाशीं कां तोडतात तें दाखविलें. एकीनें वाढें म्हणजे काय, तें बैलाला घालतात आणि विकतातही, हें सांगितलें. पहाटे गाडी भरण्यासाठीं थंडींत उठावें लागतें, हें सांगतांना एक मुलगी इतकी सहज बोलून गेली कीं, गांवांत राहिलेलीं मुलें तिच्याकडे पाहतच राहिलीं.

बुधवारीं गणित आलें. दुसरींत दशक-एकक शिकवितांना आम्ही दहा काड्यांचा गठ्ठा बांधतों. हा मुलगा पांच महिने नव्हता. त्याला दोन आंकडी संख्या येत नव्हत्या. मीं ज्वारीचीं धाटें आणून ठेवलीं होतीं. "मोळी बांध," म्हणालों. त्यानें धाटाचीं वाळलेलीं पानें पिळून त्यांचा बंध केला आणि क्षणांत मोळी बांधली. बाकीच्या मुलांचे गठ्ठे सुटत होते, त्याचा सुटत नव्हता. "आमच्या मोळींत दहाच ऊस," असा नेम ठरविला. तीन मोळ्या आणि चार सुटे ऊस म्हणजे किती? त्यानें मनाशीं हिशेब केला आणि "चौतीस" म्हणाला. आठ सुट्या उसांत आणखी पांच सुटे आले तर? "एक मोळी होती अन् तीन उरत्यात." हातच्याची बेरीज, श्रोतेहो, जी शिकवितांना आमची दमछाक होते, ती त्याच्या हातांत आधींच होती. मला फक्त ती कागदावर कशी लिहितात एवढेंच सांगावयाचें राहिलें होतें.

यावरून सर्व कांहीं सुरळीत झालें, असा समज मी करून देणार नाहीं. गणितांत त्याला मोळीनें हात दिला. वाचनांत असा हात देणारें कांहीं नव्हतें. पांच महिन्यांत इतर मुलें जोडाक्षरांपर्यंत गेलीं होतीं आणि तो काना-मात्रेवर अडखळत होता. तेव्हांपासून माझी एक समजूत पक्की झाली. आठवड्याचा विषय हा दरवाजा आहे. अक्षर आणि अंक हा जिना आहे. दरवाजाचा गुण असा कीं, तो दर सोमवारीं नव्यानें उघडतो. मधल्या काळांत कोठेंही गेलेलें मूल सोमवारीं येऊन सर्वांबरोबर बसूं शकतें, कारण त्या दिवशीं विषय सर्वांनाच नवा असतो. जिन्याला तशी सोय नाहीं. गाळलेली पायरी पुढच्या सोमवारीं आपोआप येत नाहीं. ती हात धरून चढवावी लागते. म्हणून मीं वेळापत्रकांत रोज अर्धा तास वेगळा काढला. त्या वेळांत विषयबिषय कांहीं नाहीं. ज्याची जी पायरी असेल तेथून त्याचें वाचन आणि त्याचें लेखन. ज्या शाळा नुसता दरवाजा सजवितात तेथें मुलें आनंदानें आंत येतात आणि खालीं अंगणांतच राहतात. ज्या शाळा नुसता जिना दाखवितात तेथें पुष्कळ मुलें आंतच येत नाहींत. दोन्ही लागतात.

दुसरा बदल विषयांच्या निवडींत केला. वर्षाचे विषय जूनमध्यें बसून एकट्यानें ठरविण्याचें सोडलें. निम्मे आठवडे मोकळे ठेवूं लागलों आणि शनिवारीं मुलांच्या प्रश्नांतून पुढचा विषय निवडूं लागलों. आणि प्रत्येक विषय घेण्यापूर्वीं स्वतःला विचारूं लागलों कीं, या वर्गांत असें कोण आहे, ज्याला या विषयांत जागा नाहीं? 'आई' हा विषय घेतांना आई नसलेलें मूल कोण? 'सण' घेतांना वेगळे सण पाळणारें घर कोणतें? 'माझे बाबा काय करतात' असें विचारतांना ज्याचे बाबा सहा महिने गांवांत नसतात, तें मूल कोणतें? विषय टाकूनच द्यावा असें नाहीं. दार थोडें रुंद करावें. 'घर' या विषयाला पुढें मीं नांव दिलें : 'आपण कोठें कोठें निजतों?' तेव्हां गाडी आली, कोपी आली, मळ्यांतली माच आली, आणि मामाच्या गांवची गच्चीही आली.

त्या मुलाचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. पुढल्या दिवाळींत आईबाप निघाले तेव्हां आजीनें त्याला मागें ठेवून घेतलें. "याला आता साळंची गोडी लागली," असें ती म्हणाली. तो चौथीपर्यंत माझ्या शाळेंत होता आणि त्याची हजेरी सलग होती. हें सांगतांना मला आनंद होतो. पण अर्धेंच सांगून थांबणें खोटेपणाचें होईल. त्याची मोठी बहीण त्याच गाडींतून गेली. पाठचें मूल सांभाळावयास कोणी तरी हवें होतें. ती तिसरींत होती आणि चांगलें वाचीत होती. पाडव्याला परत आली तेव्हां ती वर्गाच्या दाराशीं उभी राहून आंत पाहत असे. आंत येत नसे. माझा कोणताही सोमवार तिला आंत आणूं शकला नाहीं. आमच्या भागांत अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजना आली, त्यामुळें कांहीं मुलें गांवांत राहूं लागलीं, हें खरें. परंतु पोटासाठीं घर उचलून न्यावें लागतें तोंवर शिक्षणाच्या कोणत्याही पद्धतीला आपली मर्यादा ओळखून बोलावें लागेल. मास्तराच्या हातीं एवढेंच असतें कीं, परत आलेल्या मुलाला आपण परके झालों असें वाटूं नये.

शेवटीं, आपणां गृहस्थांना आणि विशेषतः मातांना दोन शब्द. आपल्या मुलाच्या शाळेंत आठवड्याचा विषय असेल तर त्यासाठीं बाजारांतून तयार वस्तु आणूं नका. विषय 'पान' असेल तर विड्याचें पान, कढीलिंबाचें पान आणि कोबीचें पान घरांत आहे. तिन्ही मुलाच्या हातीं द्या आणि वास घेऊं द्या. मुलानें करावयाचें चित्र आपण नीटनेटकें करून देऊं नका. वांकडें घर मुलाचें असतें, सरळ घर आपलें असतें. आणि "आज काय शिकवलं?" असें विचारण्याऐवजीं "आज काय पाहिलंस?" असें विचारा, आणि शनिवारीं विचारा, "सोमवारीं ठाऊक नव्हतं असं काय कळलं?" उत्तर आलें तर शाळा ठीक चालली आहे असें समजा. आणि उत्तराऐवजीं मुलानें आपणांलाच एखादा प्रश्न विचारला, तर ती शाळा फार उत्तम चालली आहे असें समजून तिच्या मास्तरांना किंवा बाईंना एकदां भेटून तसें सांगा. आम्हां लोकांना तक्रार ऐकण्याची संवय असते. चांगला शब्द क्वचितच कानीं येतो.

माझ्याजवळ त्या मुलाची ती पाटी नाहीं. पाटीवरचें चित्र त्याच दिवशीं पुसलें गेलें. पण 'घर' हा शब्द कोठेंही वाचला कीं मला चौकोनावरचा त्रिकोण न दिसतां दोन चाकें आणि मागें चालणारें कुत्रें दिसतें. ३७ वर्षांत मीं मुलांना पुष्कळ शब्द शिकविले. या एका शब्दाचा अर्थ मला एका मुलानें शिकविला. त्याचें ऋण मान्य करून मी आपली रजा घेतों.

नमस्कार.